सांगावं लागलं तर ते प्रेम कसलं?

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आमच्याकडे गर्दीचा. ७ तारखेपासून रोझ डे, प्रपोज डे, चॉकलेट डे अशी रांग लागते आणि नेमकी त्याच सुमारास बारावी तोंडावर आलेली असते. मी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात 'मैत्री' क्लिनिकची समुपदेशक. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. त्यातलंच हे काम. ओळख पटेल असे तपशील पुढे बदलले आहेत.

११ तारखेला सकाळी साडेदहाला दोन मुली आल्या. एकीचं हिमोग्लोबिन बघायचं होतं. हे कारण आम्हाला पाठ आहे. आठवड्याला एक निळी लोहाची गोळी शाळा-कॉलेजात मिळतेच, त्यामुळे 'गोळीचं विचारायला गेले होते' म्हटलं की घरी कुणी पुढचं विचारत नाही. म्हणून खरंच हिमोग्लोबिन तपासायला पाठवायचं आणि केसपेपरवर तेच लिहायचं. मुलीचं निमित्त मोडलं तर ती परत येत नाही.

मैत्रीण बाहेर बसली. ही अकरावी सायन्सची, १६ पूर्ण. बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, एखादा आवडतो पण त्याच्यावर प्रेम नाही, असं असतं का?"

या प्रश्नाला लगेच उत्तर द्यायचं नसतं. आधी गुप्ततेचं बोलून घ्यायचं, तेही तिनं काही सांगायच्या आत. तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तू स्वतःला किंवा कुणी तुला इजा करणार असेल, किंवा लैंगिक अत्याचाराचं काही निघालं, तर मला पुढे कळवावं लागेल. पोक्सो कायदा २०१२ चा. त्यात १८ च्या आतल्या संमतीला अर्थ नाही आणि माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे. दोन पोरं एकमेकांना आवडतात की कुणी जबरदस्ती केलीय, हा फरक कायद्याच्या त्या वाक्यात नाही. म्हणून ही अट सुरुवातीलाच. मुलगी सगळं बोलून बसली आणि मग आपण अट सांगितली, तर तो तिला विश्वासघात वाटतो, आणि तिचं काही चुकत नाही. इथे तसं काही नव्हतं. यात्रेत एकदा हात धरला होता, तेवढंच.

तिचं म्हणणं सरळ होतं. मुलगा बारावीचा, शेजारच्या गावचा. आवडतो. गणित छान समजावतो. पण "तुझ्याशिवाय जगू शकत नाही" हे तिला म्हणता येत नाही. "जगू शकते ना मी. मग खोटं कशाला बोलू?" रोझ डेला त्यानं वर्गाबाहेर सगळ्यांसमोर फूल पुढे केलं. तिनं घेतलं नाही. आदल्या रात्री मेसेज आला: उद्या प्रॉमिस डे आहे, तू प्रॉमिस दिलं नाहीस तर मी पेपरलाच बसणार नाही.

पेपर दहा दिवसांवर होता.

एरवी मी विचारपूस घरापासून सुरू करते: घर, शिक्षण, आवडीनिवडी, व्यसन, शरीरसंबंध, आणि सगळ्यात शेवटी मनाची उदासी आणि जीव द्यायचे विचार. हलक्या प्रश्नांपासून जड प्रश्नांकडे. धमकी समोर असली की हा क्रम उलटवावा लागतो. पण धमकी देणारा तर समोर नव्हता. त्याला कॉलेजमार्फत बोलावलं असतं तर दुपारपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं असतं. तिच्याच हाती निरोप दिला असता तर आणखी एक ओझं तिच्या डोक्यावर. तिच्या संमतीनं मीच दवाखान्याच्या फोनवरून बोलले: "परीक्षेच्या ताणाचं बघते मी. वीस मिनिटं ये." बारावीच्या पोराला हे वाक्य लागू पडतंच.

तो दोनला आला, मोटारसायकलवर. वय १७, म्हणजे गिअरच्या गाडीचं लायसन नाही. त्यावर त्या दिवशी मी काही बोलले नाही. एका वेळी एकच गोष्ट.

त्याला थेट विचारलं. "पेपरला बसणार नाही म्हणालास. मरून जावंसं वाटतं का?" असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट आडून विचारलं की पोरं आडूनच उत्तर देतात. मग पुढचे प्रश्न: आधी कधी वाटलं होतं का, कसं करायचं ठरवलंयस का, घरात फवारणीचं औषध कुठे ठेवतात. शेतकऱ्याच्या घरी हा शेवटचा प्रश्न चुकवायचा नसतो. तो गडबडला. "नाय ओ मॅडम, डायलॉग मारला मी." पिक्चरमध्ये असंच असतं ना, असंही म्हणाला. औषध गोठ्याच्या माळ्यावर, बिनकुलपाचं. विश्वासातला मोठा माणूस कोण, तर मामा. त्याच्यासमोरच मामाला फोन लावून औषधाच्या कुलपाचं आणि परीक्षेच्या ताणाचं सांगितलं, मुलीचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर त्याच्याच हातानं त्याच्या फोनमध्ये भरायला लावला. चिठ्ठीवर दिलेला नंबर खिशातच धुतला जातो.

त्याला मी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली: हा डायलॉग पुन्हा आला तर ती मला किंवा तुझ्या मामाला सांगेल. तुला सांभाळायचं काम तिचं नाही. मान खाली गेली. मग म्हणाला, "मॅडम, पण तिला कायच वाटत नाय. मी स्टँडवर रोज सकाळी गाडी घेऊन थांबतो. ती माझ्याकडे बघून यष्टीत चढते."

इथे मी घाई केली. दोघांशी वेगवेगळं किमान दोनदा बोलल्याशिवाय एकत्र बसवायचं नाही हा माझाच नियम. पेपर जवळ आला म्हणून तो मोडला. पहिली पाच मिनिटं त्याची किंमत मोजली. दोघंही माझ्याकडेच बघून बोलत होते, मी न्यायाधीश असल्यासारखी. कोणाचं प्रेम जास्त, याचा निकाल हवा होता.

मग पत्ते काढले. जुन्या पोस्टरच्या मागच्या कोऱ्या पुठ्ठ्याचे १२ तुकडे, प्रत्येकावर एक वाक्य. 'प्रत्येकासाठी एकच खरं माणूस असतं.' 'पहिल्या नजरेत प्रेम होतं.' 'खरं प्रेम सगळ्या अडचणींतून वाट काढतं.' यातली काही वाक्यं सुझन स्प्रेचर आणि सँड्रा मेट्स या संशोधकांनी १९८९ मध्ये केलेल्या रोमँटिक समजुतींच्या मोजपट्टीवरून आपल्या बोलीत आणलेली. आणखी एक-दोन आयडेलसन आणि एपस्टाईन यांच्या १९८२ च्या प्रश्नावलीवरून. नात्याला घातक ठरणाऱ्या समजुती कोणत्या, हे त्यांनी शोधलं होतं. पूर्वी मी हेच कागदावर टिक करायला द्यायची. पोरं लगेच बेरीज करतात. मला नऊ, तुला दोन, म्हणजे तू नापास. पत्त्यांची बेरीज होत नाही. तीनच ढीग: पटतं, नाही पटत, कधीकधी.

दोघांना पाठीला पाठ करून बसवायचं, दोन वेगळे गठ्ठे द्यायचे, सहा मिनिटं, बोलायचं नाही. मोबाईल माझ्या टेबलावर.

व्हायचं तेच झालं. त्याचा 'पटतं'चा ढीग हा एवढा, तिचा 'नाही पटत'चा. एकच माणूस असतं: त्याला पटतं, तिला नाही. भांडण झालं म्हणजे प्रेम कमी झालं: त्याला पटतं, ती खुदकन हसली. पण एक पत्ता दोघांच्याही 'पटतं'मध्ये होता.

'खरं प्रेम असेल तर न सांगता कळतं.'

मला त्याचं नवल नव्हतं, तिचं वाटलं. गुलाबाचं फूल नाकारणारी, "जगू शकते ना मी" म्हणणारी मुलगी, आणि न सांगता कळलं पाहिजे म्हणते! आयडेलसन-एपस्टाईन यांच्या यादीत ही समजूत आहेच. ती फिल्मी पोरांची, असं मीच धरून चालले होते.

तिला विचारलं, "तू गाडीवर का बसत नाहीस, हे त्याला माहीत आहे?"

"कळायला पाहिजे ना त्याला."

"काय कळायला पाहिजे?"

थोडा वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग सांगितलं. सात चाळीसच्या गाडीचा कंडक्टर तिच्या भावकीतला. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, म्हणून वडिलांनी अकरावीला घातलं. एक दिवस ती गाडीत दिसली नाही तर संध्याकाळपर्यंत घरी विषय. आणि मग पास नाही आणि कॉलेजही नाही.

तो नुसता बघत राहिला. "मला वाटायचं तुला माझी लाज वाटते."

"लाज कशाला वाटेल? गाडी तरी तुझी आहे का, मामाची आहे."

हसले दोघंही. मीही.

त्यानंतरचं काम सोपं पण किचकट. भावनेचं मागण्यात रूपांतर करायचं. मागणी एकच हवी, लहान हवी, तारीख-वेळ असलेली हवी, आणि समोरच्याला नाही म्हणता आलं पाहिजे. नाही म्हणायची सोय नसेल तर ती मागणी राहत नाही, प्रॉमिस डेचा मेसेज होतो. 'माझ्यावर प्रेम कर' ही मागणी नव्हे. 'मला समजून घे' हीही नव्हे, पण ही मोठमोठे लोकही करतात.

त्याचा पहिला प्रयत्न: "रोज रात्री आय लव्ह यू म्हणायचं." तिचं: "नाही." मी त्याला थांबवलं, नाहीनंतर कारण मागायचं नाही, मागणी बदलायची. दुसरा: "रोज गुड नाईट." ती म्हणाली, रोज नाही, मोबाईल आईकडे असतो, तुझा पेपर असेल त्याच्या आदल्या रात्री पाठवेन. तिची मागणी: चारचौघांत काही द्यायचं नाही. त्यानं बराच वेळ घेतला. "शेवटच्या पेपरला पण नाही?" "नाही." "बरं."

दोघांच्या मागण्या त्यांनीच तोंडानं बोलून दाखवल्या. कागदावर लिहून दिल्या नाहीत. कागद दप्तरातून घरी सापडतो.

सव्वाचारची गाडी होती. ती निघाली तसा तोही उठला, "स्टँडपर्यंत येऊ?" एरवी ती काही न बोलता चालू लागली असती. दारात थांबून म्हणाली, "नको. तोच कंडक्टर आहे." तो परत बाकावर बसला, किल्ली बोटात फिरवत.

तिसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. मामानं माळ्यावरचं औषध कुलपात ठेवलं होतं. इंग्रजीचा पहिला पेपर झाल्यावर ती आली, या वेळी मैत्रिणीशिवाय. हिमोग्लोबिन १०.४ आलं होतं, जेवणानंतर गोळी घ्यायची आणि त्यावर चहा प्यायचा नाही हे सांगून झालं. मग तिनंच विषय काढला. त्यानं पेपर दिला. आदल्या रात्री तिनं गुड नाईट पाठवलं होतं.

"मग?"

"त्याचा लगेच मेसेज. नुसतं गुड नाईट?"

"मग तू?"

"मी झोपले."