‘सौजन्य : गूगल’ लिहिण्याआधी

कोकणकड्याचा पावसाळी फोटो फॉरवर्ड होत होत येतो, कुठल्याशा अंकात छापला जातो आणि खाली ओळ असते, ‘छायाचित्र सौजन्य : गूगल’. गूगल काही पाठीवर सॅक टाकून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेलं नसतं. फोटो मुळात कुणी काढला, ते शोधायच्या या काही वाटा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या प्रतीत फार खोदकाम करू नका. फोटो साधा पाठवला की तो लहान होतो आणि कॅमेऱ्याने नोंदलेली माहिती गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला असेल तरच ती टिकते. फाइलच्या नावातली तारीखही फोटो काढल्याची नसते. ती मोबाइलवर फाइल पोचली तेव्हाची असते.

शोधाला टाकण्याआधी ‘शुभ सकाळ’, सुविचार, पानाचा लोगो हे सगळं कापून टाका. फोटोवरून शोध घेणारं गूगल लेन्स दृश्य ओळखतं, त्यामुळे एका कोकणकड्यासाठी शंभर वेगळे कोकणकडे समोर येतात. तिथे ‘एक्झॅक्ट मॅचेस’ निवडायचं. काहीच सापडलं नाही तर फोटो आरशासारखा उलटा करून पुन्हा टाका, कारण चोरलेले फोटो उलटवून चढवायची खोड जुनी आहे. मग टिनआय, यांडेक्स आणि बिंग ही फोटोवरून शोध घेणारी दुसरी संकेतस्थळं. प्रत्येकाचा साठा वेगळा असल्याने एकाला न सापडलेलं दुसऱ्याला सापडतं.

टिनआयमधल्या ‘ओल्डेस्ट’ या क्रमावर बरेच जण फसतात. ती तारीख टिनआयला ते पान पहिल्यांदा दिसल्याची असते. फोटो त्याआधी कितीतरी वर्षं दुसरीकडे पडून असू शकतो. माझा भर ‘बिगेस्ट इमेज’वर. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी कापलेली प्रत सहसा मूळ मालकाच्या जवळची असते. दोन प्रती शेजारी ठेवून चारही कडा ताडून पाहा. एकीत खालची पट्टी जास्त दिसत असेल, तर दुसरी तिच्यावरून कापलेली. बऱ्याचदा त्या कापलेल्या पट्टीतच नाव असतं.

फाइलचं नावही बोलतं. शेवटी अधोरेषा आणि ‘एन’ असेल तर प्रत बहुधा फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरून उतरवलेली. सुरुवातीला ‘१२८०पीएक्स-’ असेल तर ती विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या फोटो-भांडारातली छोटी प्रत. तेवढा भाग काढून उरलेलं नाव कॉमन्सवर शोधलं की छायाचित्रकार आणि परवाना दोन्ही एकाच पानावर मिळतात. लांबलचक आकडा, अधोरेषा, मग काही अक्षरं-आकडे आणि शेवटी ‘बी’, ‘झेड’ किंवा ‘ओ’ असा साचा फ्लिकर या फोटो ठेवायच्या संकेतस्थळाचा. त्यातला पहिला आकडा म्हणजे फोटोचा क्रमांक. पत्ता असा टाइप करायचा (सगळा रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत): फ्लिकर डॉट कॉम, तिरकी रेघ, फोटो डॉट जीएनई, प्रश्नचिन्ह, आयडी, बरोबरचं चिन्ह आणि तो क्रमांक. फोटो अजून तिथे असेल आणि खासगी केलेला नसेल, तर थेट मालकाचं पान उघडतं. पान उडालेलं असेल तर वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारं वेबॅक मशीन.

मोठी प्रत हाती लागली की विंडोजमध्ये राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’. तिथे ‘ऑथर्स’ आणि ‘कॉपीराइट’ पाहा. एक्झिफटूल हे फुकट सॉफ्टवेअर त्याहून बरंच जास्त दाखवतं. पण ‘आर्टिस्ट’च्या रकान्यातलं नाव कॅमेऱ्यात एकदा भरलं की प्रत्येक फोटोवर उमटत राहतं. सेकंडहँड कॅमेऱ्यात आधीच्या मालकाचं नाव तसंच राहिलेलं असू शकतं.

फोटो विकणाऱ्या एजन्सीचं नाव हाही पुरावा नव्हे. कॅरोल हायस्मिथ या अमेरिकी छायाचित्रकार बाईंनी आपले हजारो फोटो तिथल्या संसदेच्या ग्रंथालयाला (लायब्ररी ऑफ काँग्रेस) लोकांसाठी देऊन टाकले. पुढे अशाच एका एजन्सीच्या वतीने त्यांच्याच एका फोटोसाठी त्यांच्याच संस्थेला १२० डॉलर मागणारं पत्र आलं. प्रकरण २०१६ मध्ये कोर्टात गेलं.

नाव सापडलं तरी थांबू नका. त्या माणसाच्या खात्यावर त्याच दिवसाचे, त्याच उजेडाचे आणखी फोटो आहेत का? नसतील तर आधीची-नंतरची फ्रेम सभ्यपणे मागा. ज्याने फोटो काढलाय त्याच्याकडे सहसा एकच फ्रेम नसते.

परवानगी कुणाची घ्यायची, हा प्रश्न वेगळा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे जातो. लग्नाचे फोटो हे नेहमीचं उदाहरण. नाव मात्र काढणाऱ्याचंच, कारण कलम ५७ प्रमाणे तो अधिकार हक्क विकल्यावरही त्याच्याकडे राहतो.

जुन्या फोटोंत गूगल लेन्स कमी आणि संग्रहालयांच्या याद्या जास्त कामी येतात. जालियनवाला बागेतल्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांचे फोटो निनावी फिरतात. त्यांतले काही मुंबईचे नारायण विनायक विरकर यांनी १९१९ च्या हत्याकांडानंतर काढलेले आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या प्रिंटवर खालच्या कोपऱ्यात बऱ्याचदा बारीक पांढऱ्या अक्षरांत क्रमांक आणि नाव असतं, तो कोपरा मोठा करून पाहा. तरी स्टुडिओचं नाव म्हणजे माणसाचं नाव नव्हे. इंग्रज छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न भारत सोडून गेल्यावरही त्याचा स्टुडिओ ‘बोर्न अँड शेफर्ड’ त्याच्या काचेच्या निगेटिव्ह वापरून प्रिंट विकत राहिला, आणि त्याच नावाखाली नंतरच्या लोकांनी काढलेले फोटोही. माणूस पक्का होत नसेल, तर स्टुडिओचं नाव आणि प्रिंट जिथे ठेवलीय त्या संग्रहाचं नाव छापायचं.