तुम्ही विचारलंत म्हणून: काखेच्या वासावर तुरटी चालते का?

‘रोज दोन वेळा आंघोळ करते, तरी दुपारी तीनच्या सुमारास काखेला वास येतोच. बाजारातला डिओ नको, घरातलं काही सांगा. तुरटी चालेल का?’ मार्च लागला की हा प्रश्न सुरू होतो, तो ऑक्टोबरचा उकाडा सरेपर्यंत थांबत नाही. बहुतेक जण तो आवाज खाली करून विचारतात, याचं वाईट वाटतं. यात लाजण्यासारखं काहीच नाही.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. अंगभर असणाऱ्या घर्मग्रंथी मीठ-पाणी सोडतात, ते अंग गार ठेवण्यासाठी. काखेत मात्र आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या वयात आल्यावर कामाला लागतात आणि थोडा दाटसर, स्निग्ध स्राव सोडतात. काखेतले कोरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू हा स्राव फोडतात, आणि त्यातून तो उग्र, आंबूस दर्प तयार होतो. लहान मूल दिवसभर घामाघूम झालं तरी त्याच्या काखेला मोठ्यांसारखा वास येत नाही, तो याचमुळे. तेव्हा घाम येऊ द्या. जिवाणूंना तिथे मुक्काम करू देऊ नका.

तर हो, तुरटी चालते, आणि घरगुती उपायांत आमचा कौल तिलाच आहे. न्हावी दाढीनंतर गालावर फिरवतो तीच ही. तिचं पाणी आम्लधर्मी असतं, त्वचा किंचित आवळली जाते आणि जिवाणूंची वाढ मंदावते. घाम मात्र ती फारसा थांबवत नाही. लावूनही बाही ओली झाली, तर उपाय फसला असं समजू नका. वास आला का ते पाहा.

लावण्याची रीत नीट सांभाळा. आधी काख साबणाने धुवा. फेस अर्धा मिनिट बोटांनी चोळा आणि मग भरपूर पाण्याने काढा. साबण मागे राहिला तर तुरटीशी त्याचा पांढरट, चिकट साका होतो. ‘तुरटी लावली की चिकचिकतं’ अशी तक्रार येते तिचं कारण बहुधा हेच. पंचाने टिपून काख नुसती ओलसर ठेवा. खडा पाण्यात बुडवून प्रत्येक काखेत आठ-दहा वेळा हलक्या हाताने फिरवा आणि दोन मिनिटं हात वर ठेवून वाळू द्या. कपडे त्यानंतर. कोरड्या कातडीवर तुरटी विरघळत नाही, नुसती घासली जाते. नव्या खड्याच्या कडा धारदार असतात, त्या आधी ओल्या फरशीवर घासून गोल करा. वस्तरा फिरवला असेल त्या दिवशी तुरटी नको, फार चुरचुरते. खरं तर वस्तऱ्याची गरजही नसते. कात्रीने केस बारीक ठेवले तरी स्राव साचायला जागा कमी राहते. वापरून झाल्यावर खडा पुसून ठेवा आणि ज्याचा त्याने वेगळा वापरा.

खडा नको वाटत असेल तर 100 मिली उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट अर्धा चमचा तुरटीची पूड विरघळवा आणि स्प्रेच्या बाटलीत भरा. आठवड्याने नवं करा. पूड कच्च्या खड्याची हवी. तव्यावर फुलवलेल्या लाहीतलं पाणी उडून गेलेलं असतं, ती लवकर विरघळत नाही आणि तिची कचकच कातडीला बोचते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुरटीचे खडे ‘अॅल्युमिनियमविरहित’ म्हणून विकले जातात, ते खरं नाही. तुरटी हा पोटॅशियम आणि अॅल्युमिनियमचाच क्षार आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज वापरू नका.

खाण्याचा सोडा लावा, असं सर्रास सांगितलं जातं. आम्ही सांगत नाही. कातडी स्वभावाने आम्लधर्मी, सोडा अल्कधर्मी. काही दिवस बरं वाटतं, मग लाली, खाज आणि काळवंडलेली काख. लिंबू तर नकोच. त्याचा रस कातडीवर राहून ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि डाग महिनोन्महिने जात नाहीत. बिनबाह्यांचे कपडे घालणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. खोबरेल वासावर फारसं चालत नाही, पण तुरटीने कोरडेपणा आला तर रात्री दोन थेंब जरूर लावा.

आणि कपडे! काख स्वच्छ असूनही घातल्यावर दहा मिनिटांत वास आला, तर तो कुर्त्याचा असतो. पॉलिस्टर हा वास सुतीपेक्षा जास्त धरून ठेवतं. कपडा उलटा करा, अर्ध्या बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा (त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो), मग नेहमीसारखा धुऊन उलटाच उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली घाला आणि काखेची शिवण कोरडी झाल्याशिवाय घडी करू नका.

वास अचानक बदलला, मासळीसारखा येऊ लागला, काखेत वारंवार दुखऱ्या गाठी येत असतील किंवा रात्री कपडे भिजण्याइतका घाम येत असेल, तर तुरटी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.