पीस स्टेशनला सुरू झालेला आजार

सोमवार, रात्रीचे सव्वाअकरा.

आज कामठीला जाऊन आलो. तिथे एक रिटायर सुभेदार साहेब आमच्यासारख्या माजी सैनिकांचे अर्ज फुकट लिहून देतात, त्यांच्यासमोर काळ्या पेटीतली सगळी फाईल ठेवली. साहेबांनी रिलीज मेडिकल बोर्डाचं, म्हणजे फौज सोडताना झालेल्या तपासणीचं, एकच पान तीनदा वाचलं. अँक्झायटी डिसऑर्डर, 20 टक्के, आयुष्यभरासाठी. आणि खाली, नोकरीमुळे झाला नाही, नोकरीमुळे वाढलाही नाही, कारण सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत पोस्टिंगवर. याच ओळीवर डिसॅबिलिटी पेन्शन अडलं, पहिलं अपीलही याच ओळीवर गेलं.

ती ओळ मला दिवसभर खाऊन राहिली. कारण मी आजार रिपोर्टच पीस स्टेशनला केला. त्याआधी दीड वर्षं एलओसीवर होतो, रात्री सेंट्रीला, म्हणजे पहाऱ्याला, उभं असताना एकदम छाती धडधडायची, बोटांना मुंग्या यायच्या, वाटायचं आता गेलो, आणि मी कोणाले एक शब्द बोललो नाही. फौजेत मेडिकल कॅटेगरीले शेप म्हणतात, त्यातला एस म्हणजे मन. पायाला लागलं तर सगळे विचारपूस करतात, पण एस खाली आला की प्रमोशन अडते, हातातली रायफलही काढून घेऊ शकतात, आणि जवानाले ते किती लागते ते त्यालेच माहीत. म्हणून गप्प राहिलो. मग पीस स्टेशनला एका सकाळी पीटी ग्राउंडवर श्वासच घेता येईना, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नेलं, ईसीजी नॉर्मल, तिथून सायकॅट्रिस्टकडे. झालं, ती तारीख आजाराची सुरुवात ठरली.

साहेबांनी एकच विचारलं, "भरतीच्या मेडिकलमध्ये काही निघालं होतं का?" नाही, शेप वन होतो, म्हणजे पूर्ण फिट. मग त्यांनी समजावलं, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलंय, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असं धरायचं, आणि बोर्डाले नाही म्हणायचं असेल तर कारणं द्यावी लागतात. सुप्रीम कोर्टाच्याच 2014 च्या राम अवतार निकालाने पेन्शनसाठी 20 टक्क्यांचे 50 धरले जातात. आता दुसरं अपील, तिथे नाही झालं तर मुंबईचं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजेच्या केसेसचं कोर्ट. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, फक्त थकबाकी सगळी मिळेलच असं नाही. पैसा पाहिजेच आहे, खोटं कशाला बोलू, सिक्युरिटीची नाईट ड्युटी दोन महिन्यांत सोडावी लागली. पण नोकरीचा संबंध नाही हे वाक्य पुसलं जावं, हे मला त्याहून जास्त पाहिजे.

"त्या दीड वर्षाचं सगळं लिहून आणा, काही लपवू नका," साहेब म्हणाले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात कागद घेऊन बसलो. कुकर लावला की बायको आजकाल आधी सांगते, "अहो, शिट्टी होते आता." मी कधी सांगितलं नाही तिला, तिनंच ओळखलं. आज मी सेंट्रीच्या रात्रीपासून लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेलो. तिनं गॅस बंद केला, खाली माझ्याजवळ बसली.

"इतके वर्ष काहून नाही सांगितलं मले?"

मला उत्तर देता आलं नाही. तिनं कागद जवळ ओढला, म्हणाली, तुम्ही बोला, मी लिहिते. चार पानं झालीत, अजून पहिल्या हिवाळ्यातच आहोत.