हुडी आणि मीटरबॉक्स

मुंबईत मार्च महिन्यात काळी हुडी घातलेला माणूस दिसला, की समजावं, मास मीडियाच्या मुलांची सबमिशन्स जवळ आली. बाहेर पस्तीसच्या पुढे पारा, अंगातला शर्ट अंगाला चिकटलेला, आणि हा गडी टोपी कपाळावर ओढून, हात खिशात खुपसून सोसायटीच्या पार्किंगमधून चाललेला असतो. हळूहळू, पाठमोरा. थोड्या वेळाने तो खिशातून सुरा काढणार असतो, आणि तो सुरा आईच्या ओट्यावरचा, लाल प्लास्टिकच्या मुठीचा, टोमॅटो चिरायचा असतो. क्लोजअपमध्ये त्याच्यावर टोमॅटोची बीसुद्धा दिसते कधीकधी.

पोटापाण्यासाठी मी संकलन करते. जाहिराती, वेबसिरीज, क्वचित एखादा सिनेमा. अधूनमधून एखादं कॉलेज बाहेरची परीक्षक म्हणून बोलावतं. मानधन टॅक्सीत जातं, पण समोसा मिळतो, आणि विशीतली पोरं कशाला घाबरतात हे एसी लॅबमध्ये बसून बघायला मिळतं. काम ठरलेलं: थ्रिलरची फक्त सुरुवात करायची. दोन मिनिटं, टायटल्ससकट. मला हा प्रकार अख्ख्या शॉर्टफिल्मपेक्षा आवडतो. शॉर्टफिल्मला शेवटी काहीतरी संदेश द्यावासा वाटतो. इथे शेवटच नसतो, त्यामुळे संदेशापासून सुटका. दोन मिनिटांनी बघणाऱ्याने ‘पुढे?’ असं विचारलं पाहिजे, बस्स.

या दोन मिनिटांतली पहिली पंधरा-वीस सेकंदं बॅनर खातं. प्रत्येक ग्रुपची स्वतःची निर्मितीसंस्था असते आणि तिच्या बोधचिन्हात घुबड, कावळा किंवा डोळा यांपैकी एक असतोच. मग लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन या चार पाट्यांवर चारदा एकच नाव. मग विशेष आभार: आई, बाबा, वॉचमनकाका. उरलेल्या दीड मिनिटात हुडी चालते, मुलगी पळते, मुलगी मागे बघते, पुन्हा पळते, पडते. चेहरे अंधारात. मग काळा पडदा, ‘ढुम्म’ असा आवाज, आणि लाल अक्षरांत सिनेमाचं नाव, बहुधा इंग्रजी आणि एकाच शब्दाचं.

विचारलं, ‘हा कोण आहे रे?’ तर उत्तर तयार असतं: ‘मॅम, तेच तर सस्पेन्स आहे.’

इथे माझं आणि पोरांचं फाटतं. मुलगी कोण ते माहीत नाही, ती कुठे निघालीय ते माहीत नाही, मागचा तिचा कोण लागतो ते माहीत नाही. मग मी कुणासाठी घाबरू? सगळं झाकलं की उरतो तो गोंधळ, आणि गोंधळलेला माणूस घाबरत नाही, घड्याळ बघतो. थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉक याने 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या लांबलचक गप्पांत हे टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. दोन माणसं बोलत बसलीत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंदं दचकतो. पण बॉम्ब ठेवताना त्याने आधीच पाहिलं असेल, तर तीच कंटाळवाणी बडबड तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. ऑर्सन वेल्सने 1958 च्या ‘टच ऑफ इव्हिल’ या सिनेमाची सुरुवातच अशी केलीय. पहिल्या काही क्षणांत एक हात टायमर लावतो, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो, आणि पुढे तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट न करता कॅमेरा त्या गाडीबरोबर गर्दीतून फिरतो. गाडी थांबते, शेळ्या आडव्या येतात, लोक हसतात, आणि आपण खुर्चीचा हात धरून बसलेले. पोरांना हा शॉट दाखवला, की ती त्यातली क्रेन बघतात आणि म्हणतात, ‘मॅम, आमच्याकडे गिम्बल होता फक्त.’ म्हणजे चालताना फोन डगमगू न देणारी दांडी.

त्या शॉटमधली महाग गोष्ट क्रेन आहे हे खरं. कामाची गोष्ट म्हणजे सुरुवातीलाच प्रेक्षकाच्या कानात सांगितलेलं एक गुपित, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पोरांच्या बाजूनेही बोलायला हवं. ती ‘अंधाधुन’चं (2018) नाव पुढे करतात. कोबीच्या शेतात सशामागे लागलेला बंदूकवाला, आणि त्याचा अर्थ लागायला शेवटापर्यंत थांबावं लागतं. बरोबर आहे. पण त्यात ससा दिसतो, बंदूक दिसते, कोण कुणाच्या मागे आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. ‘का’ तेवढं राखून ठेवलंय. आमच्या हुडीवाल्या मंडळींनी ‘कोण’, ‘कुठे’, ‘का’ सगळंच राखून ठेवलेलं असतं.

आता आवाजाचं. इमारतीत शूटिंग करायचं म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाला, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग. हे सगळं नको म्हणून पोरं मूळ ट्रॅक सरळ उडवतात आणि फुकटच्या लायब्ररीतलं गंभीर संगीत खालपासून वरपर्यंत लावतात. त्यात छातीचे ठोके. मग हुडीवाला चालतो पण त्याच्या पावलांना आवाज नसतो, तो जमिनीपासून दोन इंच वर तरंगतोय असं वाटतं. खरं तर प्रत्येक जागेला तिचा स्वतःचा आवाज असतो. पंख्याचा, फ्रिजचा, खिडकीबाहेरच्या रस्त्याचा. आम्ही त्याला रूम टोन म्हणतो. शूटिंग संपल्यावर सगळ्यांनी गप्प उभं राहून तो अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचा असतो, म्हणजे कट जोडताना खाली अंथरायला होतो. हे दरवर्षी सांगते. दरवर्षी पोरं माना डोलावतात.

ट्यूबलाइटचा घोळही दरवर्षीचा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे साधी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला कळत नाही, पण फोनला कळतं. फोन आपल्या मनाने सेकंदाला 30 फ्रेम्सवर चालतो आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड पडू द्यायचा वेळ, भलतंच धरतो, मग पडद्यावर काळसर पट्टे खालून वर सरकत राहतात. 25 फ्रेम्स आणि 1/50 किंवा 1/100 सेकंदाचं शटर ठेवलं की पट्टे गेले. इतकं सोपं. एका मुलाला पट्ट्यांबद्दल विचारलं तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, ‘मॅम, ते त्याच्या मनातलं द्वंद्व आहे.’ या हजरजबाबीपणाला मार्क द्यायला रकाना नव्हता, नाहीतर दिले असते. जाहिरात क्षेत्रात हा मुलगा पुढे जाणार.

ब्रिटनमध्ये ओसीआर नावाच्या परीक्षा मंडळाच्या मीडिया स्टडीजमध्ये अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांना बरीच वर्षं हेच काम होतं. नव्या सिनेमाची सुरुवात, टायटल्ससकट, जास्तीत जास्त दोन मिनिटं. चित्रण सगळं स्वतःचं. संगीत किंवा साउंड इफेक्ट बाहेरचे घेतलेच तर कॉपीराइटमुक्त. आणि काम झाल्यावर मुलांनीच सात प्रश्नांची उत्तरं लिहून स्वतःचं मूल्यमापन करायचं: प्रचलित सिनेमांच्या रीती कुठे पाळल्या, कुठे मोडल्या, प्रेक्षक कोण, वगैरे. पण मला त्यातला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे आधीची तालीम. एक माणूस दार उघडतो, खोली ओलांडतो, समोरच्या माणसापुढे खुर्चीत बसतो, दोघं दोन-चार वाक्यं बोलतात. एवढंच शूट करायचं. हसू नका. दाराबाहेरून हँडलला लावलेला हात आणि दाराच्या आतून दिसणारा तोच हात कटवर जुळला पाहिजे. बोलताना कॅमेरा दोघांमधली अदृश्य रेषा ओलांडून पलीकडे गेला, की दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि खोलीत तिसरा कोणीतरी असल्याचा भास होतो. हे दार आणि खुर्ची ज्याला जमली, त्याने खुनाच्या वाटेला जावं. आपल्याकडे पोरं थेट खुनापासून सुरुवात करतात.

यंदा मात्र एका ग्रुपची फिल्म आली ज्यात हुडी नव्हती. रात्रही नव्हती. नाव ‘चारशे दोन’, तेही शेवटी, काळ्यावर पांढरं.

दुपार. जुन्या इमारतीचा तिसरा मजला. एक बाई दाराला कुलूप लावते, पिशवी काखेत धरते आणि किल्ली मजल्यावरच्या मीटरबॉक्समध्ये आतल्या खिळ्याला अडकवते. किल्लीला प्लास्टिकचा छोटा गणपती आहे, त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला. तेवढ्यात जिन्यावरून कुरिअरवाला येतो. खोका हातात, फोन मानेत. ‘ताई, चारशे दोन?’ ‘वरती.’ तो वर जातो, ती खाली. त्याने किल्ली पाहिली का? दिग्दर्शिकेने त्याची नजर दाखवलीच नाही, फक्त त्याची पावलं पायरीवर अर्धा सेकंद अडखळतात. मग कट. भिंतीवरचं ऊन सरकलेलं, शाळेच्या गणवेशातली मुलगी येते. पाठीवर दप्तर, एका हातात कुल्फी. न बघता मीटरबॉक्समध्ये हात घालते. तिच्या हाताच्या आधी कॅमेरा आत पोहोचतो: गणपतीचं तोंड भिंतीकडे आहे. हा शॉट जेमतेम सेकंदभराचा. मुलगी किल्ली काढते, कुल्फी दातात धरते, कुलूप उघडते, आत जाते, दार लागतं. मोकळा पॅसेज. आणि वरच्या मजल्यावरून लिफ्टमधली ती रेकॉर्ड केलेली बाई बोलायला लागते: ‘कृपया दरवाजा बंद करें… कृपया दरवाजा बंद करें…’

लॅबमध्ये मागच्या बाकावरच्या मुलांचं फोनवर चाललं होतं ते थांबलं. मी स्वतः खुर्चीत पुढे सरकले होते. जाळीच्या दाराची लिफ्ट असलेल्या इमारतीत राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, ती बाई उगाच बोलत नाही. कोणीतरी वर उतरलंय आणि दार ओढून घेतलेलं नाही. हा आवाज आपण रोज ऐकतो आणि रोज चिडतो. पार्श्वसंगीत म्हणून तो वापरावा हे वीस वर्षं संकलन करून माझ्या डोक्यात आलं नसतं. त्या आवाजापुढे लायब्ररीतले ठोके किरकोळ आहेत.

बाकी दोष भरपूर. पॅसेजच्या ट्यूबचे पट्टे तिथेही सरकत होते. बाई आणि कुरिअरवाला बोलतात तिथे रेषा ओलांडलेली, दोघंही एकाच भिंतीशी बोलल्यासारखे. कुल्फी एका शॉटमध्ये अर्धी, पुढच्यात पुन्हा अख्खी. आणि गुणपत्रिकेत रकाने होते ते कॅमेरा, संकलन, ध्वनी, टायटल्स, पटकथा आणि ‘जॉनर कन्व्हेन्शन्स’, म्हणजे त्या प्रकारच्या सिनेमाच्या ठरलेल्या रीती. त्याआधीच्या ग्रुपने गिम्बल, ड्रोन, निळं ग्रेडिंग (चित्राला दिलेली रंगछटा) असं सगळं आणलं होतं, त्यामुळे या कागदावर ते आरामात पुढे. जॉनर कन्व्हेन्शन्सपाशी कॉलेजच्या मॅडमनी पेन थांबवलं. ‘यात थ्रिलरचं काही दिसत नाही हो. अंधार नाही, हत्यार नाही.’ मी म्हटलं, ‘मागच्या बाकावरच्यांनी फोन खाली ठेवले, ते कशात बसवायचं?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दहापैकी आठ लिहिले. वाद घालायला वेळ नव्हता, अजून बरीच हुडी शिल्लक होती.

मग व्हायव्हा. दोन मुली, एक मुलगा. मी विचारलं, ‘किल्ली कोणी फिरवली?’

‘कुरिअरवाल्याने,’ दिग्दर्शिका म्हणाली.

‘ए, नाही हां,’ कॅमेरावाला मुलगा तिच्याकडे वळला. ‘आपलं ठरलं होतं, शेजारच्या काकूंनी.’

‘काकू कुठून आल्या? काकू आहेत कुठे फिल्ममध्ये?’

‘म्हणूनच तर!’

तिसरी मुलगी, जिने आवाजाचं काम केलं होतं, ती हळूच म्हणाली, ‘मला वाटलं, आईच परत आलीय.’ यावर दोघंही तिच्याकडे बघत राहिले. मॅडमनी फाइल उलटीसुलटी केली. ‘स्क्रिप्टमध्ये काय लिहिलंय?’

‘स्क्रिप्ट नाहीये मॅम. फोनवरच ठरलं.’

पटकथेच्या रकान्यात मॅडमनी शून्य टाकलं. ते मी बदलायला लावलं नाही. कागद नाही तर मार्क नाहीत, हे रास्तच आहे. ध्वनीचे मात्र मी पैकीच्या पैकी दिले, आणि पुढचा ग्रुप पेन ड्राइव्ह घेऊन आत आला तरी ते तिघं दाराशी उभे राहून भांडतच होते.