फोटोतून सरकवलेला स्टेपलर

बालीतल्या तिसऱ्या सकाळी मी इबूंचा एक फोटो काढला. माझ्याकडच्या सगळ्या फोटोंत तो देखणा आहे, आणि खोटा आहे.

इबू म्हणजे आई. मानवशास्त्राच्या अभ्यासदौऱ्यात ज्यांच्या घरी मी बारा दिवस राहिले, त्यांना मी हीच हाक मारायचे. पहाटे त्या ओसरीवर मांडी घालून 'चनांग सारी', म्हणजे देवांना रोज वाहायचे फुलांचे द्रोण, करायला बसत. माडाच्या कोवळ्या पिवळसर पात्या कापायच्या, त्यांचा छोटा द्रोण दुमडायचा, कोपरे टाचायचे, वर फुलं. पांढरी पूर्वेला, लाल दक्षिणेला, पिवळी पश्चिमेला, निळी किंवा हिरवी उत्तरेला. हे सगळं मी आदल्या दिवशीच ऐकून वहीत उतरवलं होतं. कोपरे बांबूच्या बारीक काड्यांनी टाचतात, हेही. इबूंच्या हातात मात्र निळा स्टेपलर! खटक, खटक, की झाला द्रोण. मी हसत हसत तो त्यांच्या गुडघ्यामागे सरकवला आणि फोटो घेतला. त्यांनीही मुकाट्याने पात्यांकडे बघत मान झुकवली. पाहुण्यांना काय लागतं, ते त्यांना आमच्याआधी येऊन गेलेल्यांनी शिकवलं असणार.

रात्री वह्या वाचल्या जात. आमच्या दौऱ्यावरच्या मॅडमचा नियम साधा होता: पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे आपल्याला वाटलं ते. आणि झोपण्याआधी लिहून संपवायचं, सकाळपर्यंत आठवण स्वतःच्या पदरची भर घालते. माझं पान वाचून त्या म्हणाल्या, "काड्या तू कुठे पाहिल्यास?"

मी गप्प.

"मग त्या डावीकडे कशा आल्या?"

याच बेटावर १९३६ ते १९३८ या काळात मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन या मानवशास्त्रज्ञांनी पंचवीसेक हजार फोटो काढले. तो कॅमेरा चालवायचा, ती त्याच वेळी टिपणं घ्यायची. निघण्यापूर्वी हे वाचलं तेव्हा मला एवढे फोटो म्हणजे हौस वाटली होती. आता कळत होतं की एकच नेमका फोटो निवडणारा माणूस किती गडबड करू शकतो.

भाषेचीही फजिती झाली. दोन महिने घोकून मी कामापुरती इंडोनेशियन शिकले होते. पण घरातली माणसं आपसात बोलायची बालीनीज, आणि त्यातही समोर कोण आहे त्याप्रमाणे शब्दच बदलायचे. आजी माझ्याशी एक बोलायच्या, पुजाऱ्यांशी भलतंच. मी आपली हसून मान डोलवायचे. मानवशास्त्रज्ञ मलिनोव्स्की पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिअंड बेटांवर दोनेक वर्षं का राहिला, ते माझ्या या मान डोलवण्यावरून कळलं.

बालीतल्याच जतिलुविह गावाला एक दिवस गेलो. डोंगरउतारावर भातखाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात. पाणीवाटप बघणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेला सुबक म्हणतात, आणि ही व्यवस्था २०१२ पासून जागतिक वारशात आहे. कुणाला कधी पाणी मिळणार आणि शेतं कधी पडीक राहणार, हे पाण्याच्या देवळांभोवती ठरतं. शेजारपाजारची शेतं एकाच वेळी पडीक राहिली की किडीला खायला काही उरत नाही. १९७० च्या दशकात अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांना सतत पीक घ्यायला लावलं. देवळं म्हणजे पूजाअर्चा, तिचा शेतीशी काय संबंध, असाच हिशेब. पाण्याचा गोंधळ उडाला, किडीने भात फस्त केला. देवळांचं हे काम पुढे स्टीफन लान्सिंग या मानवशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. बांधावर उभी राहून हे ऐकताना मला गुडघ्यामागचा तो निळा स्टेपलर सारखा आठवत होता.

त्यानंतर मी कॅमेरा खोलीतच ठेवू लागले आणि द्रोण दुमडायला बसले. माझे पहिले तीन इबूंनी उलगडून पुन्हा केले. चौथा तसाच राहू दिला, पण ठेवला मोटारसायकलच्या सीटवर, देव्हाऱ्यात नाही. हे मला भारी आवडलं. "हे कशाचं प्रतीक?" असं विचारायचं मी सोडून दिलं होतं, "आज एवढे जास्त का?" असं विचारलं की इबू भरभरून बोलायच्या. आज कुणाकडे काय आहे, कोण आजारी आहे, कुणाशी बोलणं बंद आहे. निम्मं कळायचं नाही, पण ते निम्मंही डावीकडेच जायचं.

अकराव्या दिवशी पिना संपल्या. इबूंनी मान वर न करताच हातात पैसे ठेवले आणि कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बोट दाखवलं. बारा दिवसांत त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलं काम. मी धावतच गेले आणि चुकीच्या मापाच्या पिना घेऊन आले. पुन्हा पिटाळलं.

त्या रात्रीची डावी बाजू: "पिना. दहा नंबर. मोठ्या चालत नाहीत."