जपानी लावे पाळण्याचा माझा अनुभव

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एका कुक्कुटपालकाकडून जपानी लाव्यांची एक दिवसाची बारा पिल्ले बुटांच्या खोक्यातून साताऱ्याजवळच्या आमच्या घरी आणली. पिसे फुटलेली, तीन आठवड्यांची पिल्ले घ्या, असे त्यांनी परोपरीने सांगितले होते. परंतु अगदी पहिल्या दिवसापासून हाताळली तर ती लवकर माणसाळतील, असे माझ्या मनाने घेतले होते. सासूबाईंनी खोक्यात डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, लावा हा. शेतात चालताना पायाखालून सरळ वर उडतो, एवढे ध्यानात ठेव." त्यांचे म्हणणे मी त्या वेळी नुसते ऐकून घेतले. त्याचा अर्थ मला दिवाळीत कळला.

सासूबाईंनी पाहिलेले रानातले लावे धरणे किंवा घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि तो तसा असावा असेच मला वाटते. जपानी लावा मात्र कोंबडीसारखा पिढ्यान् पिढ्या पाळला गेलेला पक्षी असून तो १९७४ मध्ये अमेरिकेतून बरेलीजवळच्या इज्जतनगर येथे आणला गेला. म्हणूनच, रानातून आणलेले लावे कोणी कितीही स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नयेत आणि पिल्ले अंड्यांतून आपल्याकडेच उबवणाऱ्या पालकाकडूनच आणावीत.

एक दिवसाचे पिल्लू सात-आठ ग्रॅमचे असते, म्हणजे तळहातावर ठेवले तरी त्याचे वजन जाणवत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवत न्यायची असते. एलईडी दिव्याला फारशी उष्णता नसल्यामुळे जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब मिळवण्यासाठी मला चार दुकाने फिरावी लागली. थर्मामीटर मी लावला होताच, परंतु खरे मोजमाप पिल्लेच सांगत असत. ती बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर त्यांना थंडी वाजत आहे आणि कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उकडत आहे, हे दोन दिवसांत माझ्या लक्षात आले. खाद्य म्हणून ब्रॉयलरचे प्री-स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या लहान पिल्लांना सुरुवातीला देतात ते खाद्य, आणले होते, कारण या पिल्लांना सुरुवातीला शेकडा चोवीस किंवा त्याहून अधिक प्रथिने लागतात. मात्र त्याचे दाणे त्यांच्या चोचीत मावत नसल्यामुळे ते मिक्सरमधून काढून रव्यासारखे करावे लागले.

पहिले पिल्लू माझ्या चुकीमुळे गेले. कोंबडीच्या पिल्लांना चालते तेवढेच खोल पाण्याचे भांडे मी ठेवले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू त्यात बुडालेले आढळले. त्यानंतर मी बरणीच्या झाकणात पाणी घालून त्यात गोट्या भरून ठेवल्या. गोट्यांमधल्या फटींतून पिल्ले पाणी पिऊ शकतात, पण बुडू शकत नाहीत. खाली अंथरलेल्या गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून आणखी एका पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकले. त्याच्या पायांना मधे थोडे अंतर ठेवून चिकटपट्टीची सैल बेडी घातली, वर्तमानपत्राऐवजी खडबडीत कापड अंथरले आणि चार दिवसांनी ते नीट चालू लागले. गणपतीत एका पावसाळी रात्री वीज गेली, तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून दर तासाला बदलत मी आणि सासूबाई पहाटेपर्यंत बसून होतो. त्या रात्री एकही पिल्लू दगावले नाही.

तीन आठवड्यांनी छातीवरच्या पिसांवरून नर-मादी ओळखता येऊ लागले. नराची छाती सलग तांबूस होते, मादीच्या छातीवर काळे ठिपके उमटतात. अकरांत सहा माद्या आणि पाच नर निघाले. एका नरामागे किमान दोन-तीन माद्या असाव्यात, हे मला ठाऊक होते, तरीही सर्वांना एकत्रच ठेवण्याचा मोह मला आवरला नाही. सहाव्या आठवड्यात एका मादीच्या डोक्यावरची पिसे उपटली जाऊन कातडी रक्ताळली, तेव्हा मी खुराड्याचे दोन भाग करून प्रत्येकात एक नर आणि तीन माद्या ठेवल्या. उरलेल्या तीन नरांना माद्या दिसणार नाहीत अशा ठिकाणी वेगळे ठेवले आणि तेथे ते शांतपणे राहू लागले. परत दिले तर त्यांचे काय होणार, हे माहीत असल्यामुळे ते मी दिले नाहीत.

पंचेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी तुसात पहिले अंडे सापडले. दहा ग्रॅमचे, मातकट रंगाचे आणि गडद तपकिरी डागांचे ते अंडे मी घरातल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवून दाखवले. हे पक्षी बहुधा दुपारनंतर अंडी घालतात, ठरावीक जागा धरत नाहीत आणि पाळीव पिढ्यांत अंड्यांवर बसण्याची वृत्ती जवळपास उरलेली नाही. मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, प्रत्येक मादीच्या अंड्यावरचे डाग तिचे स्वतःचे असतात आणि त्यांची तऱ्हा सहसा बदलत नाही. त्यामुळे कोणत्या मादीने अंडे घातले नाही, हे मला अंड्यांच्या ताटलीकडे पाहूनच कळू लागले.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारच्या अंगणात फटाक्यांची माळ लागली. आमचे खुराडे म्हणजे सशांचा जुना पिंजरा होता, दोन फूट उंच आणि वर लोखंडी जाळी. आवाजासरशी सगळे पक्षी सरळ वर उसळले आणि जाळीवर आदळले; त्यांतल्या एका मादीचे डोके फुटले आणि सकाळपर्यंत ती गेली. मोठ्या शाईच्या थेंबांसारखे डाग असलेले अंडे त्या दिवसापासून ताटलीत आले नाही. दोन-तीन फूट उंची हीच या पक्ष्याला सर्वांत घातक असते, कारण तेवढ्यात त्याला पुरेसा वेग येतो आणि तो ओसरायला जागा मात्र मिळत नाही. छत एक फुटाहून कमी उंचीवर असावे किंवा माणूस सहज उभा राहील इतके उंच असावे. मी लोखंडी जाळी काढून दहा इंचांवर हिरवे शेडनेट सैलसर ताणले, एका कोपऱ्यात लपण्यासाठी गवताचे झुपके ठेवले आणि वाळू व चाळलेली राख भरलेली परात आत सरकवली. त्या परातीत लोळून धूळ उडवताना ते जितके निर्धास्त दिसतात, तितके एरवी कधीच दिसत नाहीत.

थंडीत दिवस लहान झाल्यावर अंडी कमी होत गेली. दिवा लावून उजेड वाढवला तर ती चालू राहतात, परंतु माद्यांना विसावा मिळावा म्हणून मी दिवा लावला नाही. फक्त शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवत राहिले. आता खुराड्याजवळ जाण्यापूर्वी मी लांबूनच "आले गं, आले" असे हळू आवाजात म्हणते, आणि हात वरून न घालता बाजूच्या दारातून आत नेते. फेब्रुवारीच्या मध्यापासून ताटलीत पुन्हा पाच तऱ्हांची अंडी दिसू लागली आहेत.