पाहुण्यांची चावी

मंगळवार, रात्र. अश्दोद, इस्राएल.

मोड आलेले वाल सोलायला घेतले की हात आपले चालत राहतात आणि डोकं मोकळं होतं. आज नाही झालं. सकाळच्या फोनपासून एकच शब्द टोचतो आहे. पाहुणे.

आम्ही बेने इस्राएल, मूळ कोकणातले ज्यू. फोन होता गावच्या आमच्या दफनभूमीची चावी सांभाळणाऱ्याला. तो काही वाईट बोलला नाही. उलट फार अदबीनं बोलला. "तुम्ही काळजी करू नका मॅडम. पाहुण्यांसाठी चावी मी घरीच ठेवतो, कधीपण या." मी त्याला नुकतंच आमचं आडनाव सांगितलं होतं. आडनावात त्याचंच गाव आहे, पुढे 'कर' लावलेलं. ज्या दफनभूमीची चावी तो घरी ठेवणार आहे, तिथे माझी पणजी आहे. बाबांचे दोन काका आहेत. आणि पाहुणी मी.

फोन ठेवल्यावर नातीनं विचारलं, "काय म्हणाला?" म्हटलं, चावी देणार आहे. तिनं तिच्या तक्त्यात लगेच हिरवी खूण केली.

हा तक्ता ती दीड महिना करते आहे. तिच्याबरोबर सैन्यातून सुटलेल्या सगळ्या पोरी हिमाचलला नाहीतर गोव्याला निघाल्या. ही म्हणाली, मला कोकणात जायचंय, आणि आजी, तू बरोबर हवीस. मला इतका आनंद झाला की रात्री झोप लागली नाही. तक्त्यात तीन रंग आहेत. निळा फिरण्याचा, तपकिरी चढण्याचा, पिवळा 'हितनदवूत'चा, म्हणजे आपल्या खुशीनं कुणासाठी काम करण्याचा. पिवळ्यात एकच ओळ आहे : दफनभूमी स्वच्छ करणे, दोन तास.

दोन तास बघूनही आधी मला लागलंच होतं. पण तिला काय बोलायचं, ती जाते आहे हेच खूप.

निळा रंग आम्ही दोघींनी मिळून भरला. मुंबईचे दोन दिवस. मशीद बंदरच्या स्टेशनाला मशीद हे नाव आपल्या 'जुन्या मशिदी'वरून पडलं, हे ऐकून ती थक्क झाली. आपली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, आईच्या तोंडी शेवटपर्यंत तोच शब्द होता. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं ते शार हारहमीम, टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या माणसानं बांधलेलं. मग काळ्या घोड्याजवळचं १८८४ चं निळं क्नेसेत एलियाहू. मग माझगावची एली कदूरी शाळा, कारण आई तिथे शिकली. शाळा बाहेरूनच बघू, असं मी म्हटलं. का ते तिला सांगितलं नाही.

भाऊच्या धक्क्यावरून मोठ्या रो-रो बोटीनं मांडव्याला उतरायचं. लहानपणी आम्ही धरमतरवरून जायचो, तेव्हाची उलटी अजून आठवते. पहिला मुक्काम नवगावला. तिथे ते दोन उंचवटे आहेत. आपल्या पूर्वजांची बोट फुटली, सात पुरुष आणि सात बायका जिवंत किनाऱ्याला लागल्या, आणि वाहून आलेली बाकीची प्रेतं तिथे पुरली, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. पोथ्या सगळ्या बुडाल्या. प्रार्थनांमधली फक्त 'शेमा' तोंडात उरली. पुढे कित्येक पिढ्या माणसं घाण्यावर तेल गाळत राहिली, शनिवारी घाणा बंद ठेवत राहिली, आणि गावानं नाव दिलं शनवार तेली. नातीला तिथे उभं राहून शेमा म्हणायची आहे. म्हण बाई. मी मागे उभी राहीन. मला तिथे बोलता येईल असं वाटत नाही.

मग अलिबागची इस्रायल आळी आणि तिथलं सिनेगॉग, मागेन आबोत. शुक्रवारी संध्याकाळच्या आत अलिबागला पोहोचलंच पाहिजे, शब्बातला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीत, प्रवास नाही, हे मी तिला तीनदा बजावलं. खाण्याचे आपले नियमही सांगून ठेवले. पापलेट, सुरमई खुशाल खा, पण तिकडच्या थाळीत कोळंबी कुठूनही येते, आधी विचारायचं. मटण तर सोडूनच द्यायचं.

तपकिरी रंगात तिनं सागरगड घातला आहे. मी नकाशा बघितला आणि हसूच आलं. गडाची वाट ज्या खंडाळ्यातून चढते, त्याच खंडाळ्याजवळ एलियाहू हनावीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, टापा आहे. (लोणावळ्याचं खंडाळं नव्हे, अलिबागचं.) हनावी रथातून आले, घोड्याच्या टापा आणि चाकाची घसट खडकावर उमटवून गेले. आई मलिदा करायची तेव्हा दर वेळी हे सांगायची, पोहे भिजवता भिजवता. ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं. तर असं ठरलं की ती गड चढणार आणि मी खडकापाशी मलिद्याचं ताट घेऊन बसणार. गुडघ्यांना एवढंच झेपेल.

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याचं १८४२ चं सिनेगॉग बेथ एल, आणि खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. कोर्लई गावात अजून एक भाषा बोलतात, नो लिंग नावाची, पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. भाषा राहिली. माझ्या घरात साठ वर्षांत मराठी नातीच्या 'आजी, भूक लागली' एवढ्यावर आली आहे.

त्याचं आता नको.

तर पाहुणे. मी आठ वर्षांची होते, १९६३ साली आलो आम्ही. तेव्हापासून या देशात आहे, पोरं इथली, नातवंडं इथली, आणि अजून बाजारात कुणीतरी विचारतंच, तू 'होदित' ना? म्हणजे हिंदुस्थानातली. मी हो म्हणते आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण मनात एक गाव धरून ठेवलेलं असतं. आडनावातलं. इथे कुणी काही म्हणो, तिथे आपण आहोतच, असं. आज कळलं की तिथेही चावी पाहुण्यांसाठी ठेवतात.

बाबांच्या वाट्याला तर याहून वाईट आलं. बेने इस्राएलांनी लग्नाला उभं राहायचं तर आधी त्यांच्या आज्या-पणज्या तपासायच्या, असं इथे ठरलं होतं. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं त्याविरुद्ध जेरुसलेमला ठाण मांडून बसली. बाबाही गेले होते. आई रोज संध्याकाळी दाराकडे बघत बसायची. शेवटी मागणी मान्य झाली. बाबा घरी आले, अंघोळ केली आणि म्हणाले, "चला, झालो आपण ज्यू." पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. गावाला परत एकदा जायचं मात्र मरेपर्यंत म्हणत होते.

दोन हजार वर्षं तिथे राहिलो म्हणतात, मग साठ वर्षांत पाहुणा होतो का माणूस? वाल सोलताना हेच घोळत होतं. सालं एकीकडे, वाल एकीकडे. परवा बिरड्याचा सण. इथले शेजारी त्याला तिशा बेआव म्हणतात आणि जेरुसलेमचं मंदिर पाडल्याचं दुःख म्हणून उपास धरतात. उपास आम्हीही धरतो, पण आमच्या घरात त्या दिवसाचं नाव बिरड्याचाच सण. दुसरं नाव माझ्या तोंडात बसत नाही.

बुधवार, दुपार.

रात्री लिहिलेलं सकाळी वाचलं. रडगाणं वाटलं, पण खोटं नाही, म्हणून खोडत नाही.

आज त्याला पुन्हा फोन केला. कारण खरंखुरं होतं. नातीनं साफसफाईचं सामान काढलं होतं, त्यात तारेचा ब्रश आणि फरशी धुण्याचं आम्ल. मी घाबरलेच. इथल्या आमच्या जुन्या कबरींच्या वेळी एका जाणकारानं शिकवलं होतं, दगडाला आम्ल लावायचं नाही, तार लावायची नाही. नुसतं पाणी, मऊ ब्रश, आणि शेवाळ सुटेपर्यंत धीर. अक्षरं पुसट असतील तर सकाळचं तिरपं ऊन पडेपर्यंत थांबायचं, किंवा आरसा धरून बाजूनं उजेड पाडायचा. खडू फिरवायचा नाही. हे सगळं तिला समजावलं आणि मग वाटलं, तिथे आधीच कुणी काही करत असेल तर? आपण जाऊन कुणाच्या कामात हात घालायचा?

त्याला विचारलं, "दादा, तिथली साफसफाई कोण करतं?"

"कोण म्हणजे? आम्हीच. आधी आजा करायचा, मग बाप, आता मी. पावसाळा संपला की गवत छातीएवढं होतं. नवरात्राच्या आसपास कापून टाकतो."

"पैसे कोण देतं?"

"कधी कुणी पाहुणे आले तर देतात. नाही आले तर नाही." मग थांबून म्हणाला, "आजा सांगायचा, तुमच्यातला कोणी मास्तर त्याला शिकवायला होता. जाताना चावी आज्याकडे देऊन गेला."

मला पुढे बोलताच येईना. साठ-सत्तर वर्षं एक घर गवत कापतं आहे. तीन पिढ्या. आम्ही इथे बसून गाव मनात धरून ठेवलं होतं, आणि ते गाव विळ्यानं धरून ठेवत होता तो. मला काल रात्री ज्या शब्दाचं इतकं लागलं, तो म्हणायचा त्याला हक्क आहे, हे मला कबूल करावं लागलं. सोपं गेलं नाही. अजूनही पूर्ण गेलेलं नाही.

"मग आमच्या मुलीनं काय करावं?" मी विचारलं. "ती कामच करायला येते आहे."

"गवत तर आम्ही कापलेलंच असेल. एक काम आहे पण. दगडांवर काय लिहिलंय ते काही ठिकाणी लागत नाही आम्हाला. वरचं तुमचं लिखाण, खालचं मराठी, पण तेपण पुसलंय. कोणी परदेशातून येतं, आजीचं नाव सांगतं, आणि आम्ही नुसते फिरवतो त्यांना. एक वही करून ठेवली ना, कुठला दगड कोणाचा, तर बरं होईल."

वही. मी नातीला सांगितलं तेव्हा ती खुर्चीवर उडीच मारून बसली. वरची हिब्रू ती वाचेल. खालची मराठी मी. हिब्रूत बहुतेक नाव आणि वडिलांचं नाव असतं, मराठीत माणूस असतो : गाव, नवरा, कुठे नोकरी, किती वर्षांचा. प्रत्येक दगडाचा सकाळी फोटो, मग क्रमांक, मग दोन्ही लिपींतली नोंद, आणि वहीच्या दोन प्रती. एक त्याच्याकडे, चावीजवळ. तिनं पिवळ्या रंगातले दोन तास खोडून चार दिवस लिहिले. त्यासाठी पेण आणि पनवेल दोन्ही काढून टाकली. पनवेलच्या १८४९ च्या बेथ एल सिनेगॉगसाठी मला चुटपूट लागली आहे, पण परतताना तासभर तरी थांबूच.

तारखा सणांनंतरच्या धरल्या आहेत. नव्याचा सण म्हणजे आमचं नवं वर्ष, दरफाळणी म्हणजे मोठा उपास, सगळं इथे करून मग निघायचं. तोवर गवतही कापलेलं असेल आणि वाटाही सुकलेल्या असतील.

फोन ठेवण्याआधी त्यानं विचारलं, "मावशी, तिकडे वाल मिळतात का?" मॅडमची मावशी कधी झाले, मला कळलंच नाही. म्हटलं, लोदला हिंदी दुकानात मिळतात, पण आपल्याकडच्या कडव्या वालाची चव नाही त्यांना. आत्ता तेच सोलते आहे, उद्या सण आहे. "कुठला सण?" म्हटलं, बिरड्याचा. तो हसला, "बिरड्याचापण सण असतो?" मग म्हणाला, "जाताना पाच किलो घेऊन जा आमच्याकडचे. पाहुण्यांना रिकामं पाठवत नाही आम्ही."

मी म्हटलं, दादा, पाच किलो विमानात कसे न्यायचे. तो म्हणाला, ते तुमचं तुम्ही बघा.